तीन पायांचा टब : जुन्या बाथटबांचा इतिहास आणि घडण

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, एक पांढरट टब कित्येक वर्षे गुरांना पाणी पाजण्यासाठी ठेवलेला होता. त्याचे तीन पाय बिडाचे होते आणि चौथ्या पायाच्या जागी दोन विटा रचलेल्या होत्या. बंगल्याची दुरुस्ती निघाली तेव्हा भंगारवाल्याने तो किलोच्या भावाने मागितला. धातूच्या जुन्या वस्तूंची मला आवड आहे हे ठाऊक असल्यामुळे घरमालकांनी तो देण्यापूर्वी मला बोलावले. साडेपाच फूट लांबीचा तो टब रिकामा असूनही उचलायला चार माणसे लागली. काठावर इनॅमलचा रुपयाएवढा टवका उडालेला होता आणि त्याखाली काळे, खरबरीत बीड स्पष्ट दिसत होते. हा टब मोडीत काढू नये असे मी सांगितले. त्या वेळी जे समजावून सांगितले, तेच येथे जरा सविस्तर मांडतो आहे.

जुन्या बाथटबांची चित्रे पाहिली की त्यांचे आकार केवळ शोभेसाठी घडवलेले आहेत असे वाटते. एखादा होडीसारखा असतो, एखादा सपातेसारखा, तर एखादा सिंहाच्या पंजांवर उभा असतो. प्रत्यक्षात यांतील जवळजवळ प्रत्येक आकार तीन साध्या प्रश्नांतून घडलेला आहे : पाणी कोण आणणार, ते कसे तापवणार आणि वापरलेले पाणी कुठे जाणार. हे तीन प्रश्न हाताशी धरले, तर कोणताही जुना टब पाहून तो कोणत्या काळातला आणि कशा घरातला असावा, याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

आपल्या उपखंडात स्नानाची सोय फार जुनी आहे, परंतु ती टबाची नाही. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असून त्याच्या विटांच्या भिंतींमागे पाणी झिरपू नये म्हणून नैसर्गिक डांबराचा थर दिलेला आहे. तो सार्वजनिक हौद होता. तेथील घरांतून मात्र उतार दिलेली विटांची फरशी आणि तिला जोडलेली गटाराची नाली आढळते, म्हणजे आजच्या आपल्या न्हाणीचीच रचना. एका माणसाने आत बसावे असा टब पाहायचा तर भूमध्य समुद्राकडे जावे लागते. क्रीट बेटावरील क्नोसोसच्या राजवाड्यात भाजक्या मातीचा टब सापडला. ग्रीसमधील पिलोस येथेही १९५० च्या दशकातील उत्खननात एका ओट्यात पक्का बसवलेला, आतून नक्षी रंगवलेला मातीचा टब मिळाला, आणि तो तीन हजार वर्षांहून अधिक जुना आहे. होमरच्या काव्यात टबासाठी जो शब्द येतो, तोच क्नोसोसच्या मातीच्या पाट्यांवरही कोरलेला आहे. पिलोसच्या टबाला तळाशी निचऱ्याचे भोक नाही. पाणी हाताने ओतायचे आणि हातानेच उपसायचे, अशीच तेथील व्यवस्था असणार. रोमनांनी पुढे प्रचंड सार्वजनिक स्नानगृहे बांधली आणि फरशीखालून गरम हवा खेळवली, पण घरगुती टबाच्या कथेत त्यांचा वाटा थोडाच आहे.

मध्ययुगीन युरोपात टब म्हणजे पिंप बनवणाऱ्या कारागिराने फळ्या जोडून, भोवती कडी ठोकून तयार केलेले लाकडी भांडे होते. फळ्यांची कुसळे टोचू नयेत म्हणून आत कापड अंथरत. स्नान झाले की टब उचलून ठेवला जाई, कारण स्नानासाठी वेगळी खोली नव्हती आणि शेकोटीजवळची ऊबदार जागा हीच स्नानाची जागा होती.

यानंतर येतो तांब्याचा टब, आणि येथे मराठी वाचकाला ओळखीची वाट सापडते. आपल्या जुन्या घरांतील घंगाळ आठवावे : रुंद तोंडाचे, दोन बाजूंना कड्या असलेले, तांब्याचे किंवा पितळेचे. शेजारी पाणी तापवण्याचा बंब असे. बंबातले कढत पाणी घंगाळात काढून विसण घालायचे आणि पाटावर बसून तांब्याने अंगावर घ्यायचे, ही आपली रीत. वापरलेल्या पाण्यात पुन्हा बसणे आपल्याकडे स्वच्छ मानले गेले नाही, म्हणून घंगाळ पाण्यापुरतेच राहिले आणि माणूस त्याच्या बाहेर बसला. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील फ्रान्समध्ये त्याच धातूचे भांडे माणसाच्या लांबीचे झाले आणि माणूस आत बसला. तांबे निवडण्याची कारणे दोन्हीकडे सारखीच होती. ते ठोकून हवा तसा आकार देता येतो, ते गंजून झिजत नाही आणि त्याच्या पातळ पत्र्याला तापायला वेळ लागत नाही.

तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा थर देतात, म्हणजे कल्हई करतात. इतवारीत लहानपणी पाहिलेला कल्हईवाला मला अजून आठवतो. भात्याने फुललेल्या निखाऱ्यांवर तो भांडे फिरवत असे, त्यात नवसागराची चिमूट टाकताच पांढरा धूर उठे, मग कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने एकाच झपाट्यात सगळे भांडे चांदीसारखे करून टाकी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून साध्या कोळशावर हे काम होते, आणि नवसागर धातूवरचा मळ व गंजाचा पापुद्रा काढून टाकतो म्हणून कथील घट्ट धरते. फ्रान्समधील तांब्याच्या टबांनाही आतून असाच कथलाचा थर दिला जाई आणि तो झिजला की पुन्हा द्यावा लागे. अशा एखाद्या टबाचा आतला पांढरा चकचकीत भाग पाहून त्याला चांदीचा मुलामा समजू नये.

या काळातील दोन आकार लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला होडीचा, ज्याला फ्रेंचमध्ये ‘बाटो’ म्हणतात. याची दोन्ही टोके उंच असतात, मध्यभाग किंचित उतरता असतो आणि टब पायांवर न राहता सबंध तळाच्या बैठकीवर टेकलेला असतो. दुसरा जोड्यासारखा. त्यात माणूस पाय पुढे घालून बसे आणि टबाचा पुढचा भाग वरून झाकलेला असे. हा आकार विचित्र दिसतो, पण तीन प्रश्न लावून पाहावेत : पाणी बादल्यांनी आणायचे असल्याने ते कमीत कमी लागले पाहिजे, आणि एकदा तापवलेले पाणी लवकर निवता कामा नये. बंद आकाराने दोन्ही गोष्टी साधतात. फ्रेंच क्रांतीतील नेता मारा त्वचेच्या विकारामुळे तासन्‌तास अशाच टबात बसून लिखाण करीत असे आणि १३ जुलै १७९३ रोजी शार्लोत कोर्दे हिने त्याचा टबातच खून केला. जाक-लुई दाविद या चित्रकाराने त्या प्रसंगाचे जगप्रसिद्ध चित्र काढले, पण त्यात टबावर फळी, चादर आणि हिरवे कापड असल्यामुळे टबाचा मूळ आकार दिसतच नाही.

ज्यांना तांबे परवडत नसे त्यांच्यासाठी जस्ताच्या किंवा कथील चढवलेल्या पत्र्याचे टब होते. त्यांतला सर्वांत प्रचलित हिप बाथ. यात कंबरेपर्यंतच पाणी असते, पाठ टेकायला उंच पाठ असते आणि पाय बाहेरच राहतात. नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाल्यावर येथे जे बंगले उठले, त्यांच्या गुसलखान्यांना या पत्र्याच्या टबांच्या दृष्टीने पाहावे. स्नानाच्या खोलीला बाहेरून वेगळे दार ठेवण्याची त्या काळी पद्धत होती, कारण भिस्ती पाणी आणणार, नोकर अंगणातील चुलीवर तापवलेले पाणी डब्यांतून आत नेणार आणि वापरलेले पाणी बुटक्या कट्ट्याआड ओतून भिंतीतल्या भोकातून बाहेर सोडणार. नळ नसलेल्या खोलीत बसवलेला टब निरुपयोगीच ठरतो, म्हणून उचलता येणारा हलका टब हाच तेथे शहाणपणाचा होता.

नळ आणि गटार घरात आले तसे हे सगळे बदलले. टब एका जागी कायमचा बसवता येऊ लागला, आणि कायमचा बसवायचा तर तो जड असला तरी चालतो. गरम पाण्याचा प्रश्नही याच सुमारास सुटू लागला. बेंजामिन वॅडी मॉन या लंडनच्या गृहस्थाने १८६८ मध्ये गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून त्याला ‘गिझर’ हे नाव दिले. आपल्या घराघरांत रुळलेला गिझर हा शब्द तेथून आलेला आहे. त्या पहिल्या यंत्राला जळालेला वायू बाहेर नेणारे नळकांडे नव्हते, त्यामुळे ते धोकादायक होते. तरीही पाणी तापवण्यासाठी माणूस लागत नाही ही कल्पना तेव्हापासून रुजली.

आता आपण अंगणातल्या टबाकडे, म्हणजे बिडाच्या इनॅमल टबाकडे येतो. बीड स्वस्त आणि मजबूत असते, पण पाण्याने गंजते. त्यावर रंग दिला तर गरम पाण्याने तो सोलला जातो. यावरचा उपाय म्हणजे बिडावर काच चढवणे, आणि इनॅमल म्हणजे शब्दशः काचच असते. वाळूच्या साच्यात ओतलेला टब स्वच्छ करून भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवत. मग लांब दांड्याच्या चाळणीतून त्यावर बारीक दळलेली काचेची पूड भुरभुरवत. तापलेल्या धातूला लागताच ती वितळून चिकटे, टब पुन्हा भट्टीत जाई आणि असे थर चढत जात. यातली खरी अडचण अशी की काच आणि बीड निवताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. ती प्रमाणे जुळली नाहीत तर निवतानाच काच तडकते. पुडीतील घटकांचा मेळ बसवण्यातच कारखानदारांची वर्षे गेली. काच टोकदार कडेवर टिकत नाही, लगेच टवका उडतो. बिडाच्या जुन्या टबाला कोठेही धारदार कोपरा दिसत नाही आणि त्याचा काठ बाहेरच्या बाजूला गोल वळवलेला असतो, त्याचे मोठे कारण हेच आहे. या गोल काठावरूनच ‘रोल टॉप’ हे नाव पडले.

हे तंत्र व्यवहारात आणणाऱ्यांत डेट्रॉइटचा डेव्हिड डनबार ब्यूइक होता. नळकामाचा धंदा विकून तो पुढे मोटारींकडे वळला आणि ब्यूइक मोटार त्याच्याच नावाने ओळखली जाते. विस्कॉन्सिनमधील जॉन मायकेल कोहलर यांची गोष्ट मात्र मला सिव्हिल लाइन्सच्या त्या अंगणात प्रकर्षाने आठवली. ते शेतीची अवजारे बनवत. १८८३ मध्ये त्यांनी जनावरांना पाणी पाजण्याच्या आणि डुकरे उकळत्या पाण्यात घालून सोलण्याच्या बिडाच्या डोणीला इनॅमल चढवले आणि चार पाय लावले तर हीच डोण माणसाच्या स्नानालाही चालेल, असे आपल्या सूचिपत्रात छापले. पहिला टब एका शेतकऱ्याला एक गाय आणि १४ कोंबड्यांच्या बदल्यात दिला, असे त्या कंपनीत सांगितले जाते. गुरांच्या डोणीपासून निघालेली वस्तू नागपुरात पुन्हा गुरांची डोण होऊन बसली होती.

टबाला पाय कशासाठी हवेत, हा पुढचा प्रश्न. त्याआधी इंग्लंड-अमेरिकेतील श्रीमंत घरांत टबाभोवती महोगनीची लाकडी पेटी करीत. लाकडाआड ओल साचे, कुजे आणि किडे होत. रोग जंतूंमुळे होतात हे १८८० च्या सुमारास पटू लागल्यावर लोकांना ही झाकलेली, न दिसणारी ओल भयंकर वाटू लागली. पेटी काढून टाकली गेली, टब पायांवर उचलला गेला आणि नळ व पाइप उघडे ठेवले गेले. खालून झाडता-पुसता यावे, गळती लगेच दिसावी, हा त्यामागचा हेतू होता. सौंदर्य त्यानंतर आले. चेंडू धरलेला पंजा हा पायाचा नमुना अठराव्या शतकातील इंग्लिश व डच खुर्च्या-टेबलांवरून उचललेला आहे आणि त्याचे मूळ मोती धरलेल्या चिनी ड्रॅगनच्या पंजात असल्याचे मानले जाते.

या काळातील टबांचे प्रकार ओळखायला फार काही लागत नाही. एक टोक गोल व उतरते आणि दुसरे सरळ उभे, सरळ टोकाला नळ आणि निचरा, असा टब सर्वांत साधा व सर्वाधिक खपलेला होता. अंगणातला टब याच जातीचा आहे. अमेरिकी बनावटीच्या अशा टबात नळासाठी पाडलेल्या दोन भोकांतील अंतर बहुधा सुमारे ३⅜ इंच, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर असते. दोन्ही टोके गोल आणि नळ मध्यभागी असला तर तो डबल-एंडेड. एक टोक पाठ टेकण्यासाठी उंच उचललेले असले तर स्लिपर, आणि दोन्ही टोके तशी असली तर डबल स्लिपर. पायांऐवजी सलग बैठक असली तर पेडेस्टल. व्हिक्टोरिया राणीच्या काळाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एका टोकाला माणसापेक्षा उंच कमान उभारून तीतून वरून, बाजूने आणि फवाऱ्याने पाणी सोडणारे कॅनोपी टबही निघाले. तेथे नळांच्या चाव्यांची रांगच असे. आकाराच्या हौसेचे टोक १९०९ मध्ये गाठले गेले. त्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष होणारे, अंगाने अतिशय स्थूल असे टॅफ्ट यांच्या समुद्रप्रवासासाठी सात फुटांहून लांब टब बनवला गेला आणि त्यात चार कामगार आरामात बसल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

अमेरिकेतील पहिल्या टबाबद्दल एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. तो १८४२ मध्ये सिनसिनाटीत बसवला गेला आणि अध्यक्ष फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये पहिला टब आणला, ही माहिती अनेक ठिकाणी छापलेली सापडते. ती सर्वस्वी काल्पनिक आहे. एच. एल. मेंकेन या पत्रकाराने डिसेंबर १९१७ मध्ये ती रचून छापली आणि १९२६ मध्ये स्वतःच तसे कबूल केले, पण तोपर्यंत ती संदर्भग्रंथांत शिरली होती आणि आजही पूर्ण बाहेर पडलेली नाही.

पायांच्या टबाचे राज्य फार काळ टिकले नाही. खालून झाडता येते हे खरे, पण तेथे झाडू घालण्यासाठी गुडघ्यांवर बसावे लागते. घरे लहान झाली, नोकर कमी झाले, आणि कोहलर कंपनीने १९११ मध्ये पुढच्या पडद्यासह एकसंध ओतलेला, भिंतीत बसणारा टब आणला. १९२७ मध्ये रंगीत टब आले, नंतर पोलादी पत्र्याचे हलके टब आणि शेवटी ॲक्रिलिक. पंजाचे टब घराबाहेर काढले गेले आणि अमेरिकेतही त्यांतले कित्येक कुरणांत गुरांच्या पाण्यासाठी गेले.

आपल्या भागात असा टब हाती लागला तर काय पाहावे, हे थोडक्यात सांगतो. बीड आणि पोलाद दोन्हींना चुंबक चिकटते, त्यामुळे चुंबकाने फरक कळत नाही. बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. पोलादी पत्रा खणखणतो, बीड ठस्स वाजते. टब उलटा करून तळ पाहावा, कारण ओतणाऱ्याची अक्षरे किंवा तारीख बहुधा तेथे उठावात असते. बाहेरून इनॅमल नसले तर चिंता नको. इनॅमल आतून आणि काठावरच दिले जाई, बाहेरचा रंग घरमालकाच्या आवडीवर सोडलेला असे. जुन्या इनॅमलमध्ये शिसे असू शकते आणि पृष्ठभाग झिजल्यावर ते पाण्यात उतरू शकते, म्हणून लहान मुलांच्या स्नानासाठी वापरण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढायला आपल्याकडे सर्रास ॲसिड ओततात. ते या इनॅमलवर कदापि ओतू नये, चकाकी कायमची जाते. ‘नवे इनॅमल करून देतो’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात रंगाचा थर देत असतो, कारण खऱ्या इनॅमलला भट्टी लागते. तो रंग काही वर्षे टिकतो, हे जाणून मगच करून घ्यावा.

वजनाचा हिशेब मात्र टाळू नये. टब सुमारे १५० किलो, पाणी १५० लिटर म्हणजे तेवढेच किलो, आणि आत बसणारा माणूस ७० किलोचा धरला तर एकूण ३७० किलो होतात. हा भार चार लहान पायांवर येतो, म्हणजे प्रत्येक पायाखाली ९० किलोंहून अधिक. जुन्या बंगल्याच्या माडीवर सागवानी तुळयांवरील जमीन असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय टब वर चढवू नये. त्या घरमालकांनी तो तळमजल्यावरच ठेवायचे ठरवले, ते योग्यच झाले. पाण्याचेही भान असावे : एका टबात आठ-दहा बादल्या पाणी जाते आणि वैशाखातल्या नागपुरात ही चैन रोजची असू शकत नाही.

राहिला चौथा पाय. हे पाय स्क्रूने लावलेले नसून टबाच्या तळाशी असलेल्या पाचरीच्या खाचेत सरकवलेले असतात आणि प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्या टबाचा पाय बसत नाही. उरलेल्या तिघांपैकी सर्वांत कमी झिजलेला पाय आम्ही हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका ओतकाम करणाऱ्या कारखान्यात नेला. तेथील मिस्त्रींनी तो हातात फिरवून पाहिला आणि पहिल्याच वाक्यात सांगितले की, यावरून थेट साचा घेतला तर नवा पाय लहान येईल, कारण बीड निवताना शेकडा एकाच्या आसपास आकसते. पाय सहा इंच उंच होता, म्हणजे दीड मिलिमीटरचा फरक पडणार होता. त्यांनी जुन्या पायाच्या तळव्याला मेणाचा पातळ थर लावून उंची वाढवली, मग वाळूत साचा घेतला. खाचेत बसणारा भाग कानशीने जुळवायला अर्धा दिवस लागला. आता टब चार पायांवर उभा आहे, आणि गुरांसाठी कडुनिंबाखाली सिमेंटची नवी डोण बांधली आहे.